कानांनी पाहिलेले सिनेमे : प्रकल्पाच्या नोंदी

२ जून

प्रकल्प आजपासून सुरू. काम साधं आहे. सिनेमे पाहायचे, दहापैकी गुण द्यायचे आणि गुण देताना फक्त आवाजाचा विचार करायचा. संवाद, पार्श्वसंगीत, पावलं, दारं, वारा, शांतता, सगळं त्यात धरायचं. अभिनय, कॅमेरा, कथा यांवर आपण सगळेच भरभरून बोलतो. आवाजाचा विषय निघाला की मात्र 'गाणी छान आहेत' आणि 'बॅकग्राउंड म्युझिक जबरदस्त' यापुढे गाडी सरकत नाही. मला ती सरकवायची आहे, निदान माझ्यापुरती.

पद्धत अशी ठरवली आहे : आधी अख्खा सिनेमा हेडफोन लावून सलग पाहायचा. दुसऱ्या दिवशी त्यातला एक प्रसंग डोळे मिटून ऐकायचा, मग तोच प्रसंग आवाज बंद करून पाहायचा. गुण त्यानंतरच. यातले बरेचसे सिनेमे मी आधी पाहिलेले आहेत, पण असे ऐकलेले नाहीत.

नोंदींत शेवट उघड केलेले आहेत. ज्यांना सिनेमा आधी पाहायचा असेल त्यांनी तेवढी नोंद वगळावी.

४ जून : एम (१९३१)

फ्रिट्झ लांगचा हा पहिला बोलपट. आवाज नुकताच हाती आलेला, तरी हा माणूस तो किती जपून खर्च करतो! पार्श्वसंगीत नाही. लहान मुलींचे खून करणारा माणूस (पीटर लॉरे) शीळ घालतो, ग्रीगच्या 'पीर गिंट'मधल्या एका सुरावटीची. सुरुवातीला त्याची सावली दिसते आणि ही शीळ ऐकू येते. पुढे त्याला ओळखतो तो फुगे विकणारा एक आंधळा म्हातारा, शिळेवरून. मूकपटात असा साक्षीदार ठेवताच आला नसता.

निवडलेला प्रसंग : एक आई जेवणाची मांडामांड करून मुलीची वाट पाहते आहे. मुलगी शाळेतून आलेली नाही. आई हाक मारते, "एल्झी!" पडद्यावर रिकामा जिना. पुन्हा हाक. रिकामा माळा, वाळत घातलेले कपडे. पुन्हा हाक. टेबलावरची रिकामी ताटली. मग गवतातून घरंगळत येणारा चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा. खून दाखवलेला नाही.

डोळे मिटून ऐकलं तेव्हा एक आई मुलीला हाका मारत होती, बस. आवाज बंद करून पाहिलं तेव्हा जिना, माळा आणि ताटली एवढंच होतं. दोन्हींत मरण कुठेच नाही. हाक आणि रिकामी जागा एकत्र आल्या की मग ते घडतं, आणि घडतं ते आपल्या डोक्यात.

गुण : ९.५

७ जून : कुंकू (१९३७)

'आलम आरा' येऊन सहा वर्षं झालेली, पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' येऊन पाच. सगळीकडे गाण्यांची रेलचेल. अशा वेळी प्रभातमध्ये शांताराम पार्श्वसंगीताशिवाय सिनेमा करतात. घरातले, रस्त्यावरचे, वस्तूंचे आवाज, बस. गाणी आहेत, पण प्रसंगावर भावना चोपडायला मागून वाद्यवृंद येत नाही.

गोष्ट ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरची. नीरेचं (शांता आपटे) फसवून म्हाताऱ्या काकासाहेबांशी (केशवराव दाते) लग्न लावलं जातं आणि ती हा नवरा मानायला ठाम नकार देते. ही गोष्ट रडक्या व्हायोलिनवर सहज तरली असती. तसं झालं असतं तर नीरा बिचारी झाली असती. इथे ती बिचारी वाटत नाही. ती बोलते, गप्प बसते, दार लावून घेते, आणि प्रत्येक वेळी तिच्या बाजूने कोणी वाद्य वाजवायला नाही. ती एकटी लढते हे आपल्याला ऐकू येतं.

जुन्या प्रिंटमध्ये खरखर आहे. पहिली काही मिनिटं ती बोचते, मग कान आपोआप ती बाजूला काढतात. या सिनेमाचं नाव निघालं की विषय, धाडस, शांता आपट्यांचा अभिनय यांचंच कौतुक होतं. पार्श्वसंगीत नसण्याचा निर्णयही तितकाच धाडसी होता, तो त्यांच्या शेजारी मांडायला हवा.

गुण : ९

८ जून : सिंगिन इन द रेन (१९५२)

काल बोलपटाच्या बालपणात शिरलेच होते म्हणून हा. मूकपटांची तारका लीना (जीन हेगन) बोलू लागते आणि अनर्थ होतो. माइक झुडपात लपवला तर ती मान वळवली की आवाज गायब, कपड्यांत लपवला तर तिच्या हृदयाचे ठोके रेकॉर्ड होतात, पहिल्या खेळात मोत्यांच्या माळेचा कडकडाट होतो. पोट धरून हसले. सुरुवातीच्या बोलपटांना माइक लपवण्याची ही अडचण खरोखरच होती, आणि नटांना एका जागी खिळवून ठेवावं लागे.

आनंदाचे गुण : १०. प्रकल्पाचे गुण : ८.५

११ जून : शोले (१९७५)

हा सिनेमा मला तोंडपाठ आहे, पण संवादांमुळे. आज संवाद सोडून बाकीचं ऐकायचं ठरवलं.

गब्बरची एंट्री. चेहरा नाही. आधी खडकावर फिरणारे बूट, हातातून लोंबणारा, दगडावरून घासत जाणारा पट्टा. समोर मान खाली घालून उभी असलेली माणसं. 'कितने आदमी थे' हे वाक्य आपण इतकं डोक्यावर घेतलं आहे की त्याच्या आधीचं घासणं कोणी ऐकतच नाही. धातू आणि दगड. तो माणूस कसा आहे हे त्या आवाजाने आधीच सांगून टाकलेलं असतं. अमजद खान बोलायला लागतो तेव्हा आपण अगोदरच घाबरलेले असतो.

दुसरा प्रसंग ठाकूर घरी येतो तो. अंगणात कफनांखाली झाकलेले देह, आणि वारा. त्या वाऱ्याने एकेक कापड उडतं. वाऱ्याला कथेत काम दिलेलं आहे.

तिसरा, जयच्या माउथ ऑर्गनचा. तो खाली बसून वाजवतो, राधा वर एकेक दिवा मालवत जाते. दोघांमध्ये संवाद नाही. आख्खं प्रेम एका वाद्यावर आणि विझत जाणाऱ्या दिव्यांवर उभं आहे. जय गेल्यावर तो माउथ ऑर्गन पुन्हा वाजणार नाही, हे कोणी बोलून दाखवायची गरजच उरत नाही.

गुण : ९. मारामारीचे ठोसे कान किटवतात, त्याचा एक गुण कापला.

१५ जून : पथेर पांचाली (१९५५)

या नोंदीला वेळ लागला. पहिल्यांदा ऐकल्यावर लगेच लिहिता आलं नाही.

माझा कल आतापर्यंत पार्श्वसंगीताच्या विरोधात झुकत चालला होता. एम, कुंकू, दोन्हींत ते नाही आणि दोन्ही मला भिडले. मग हा सिनेमा येतो. संगीत रविशंकरांचं, आणि त्यातली एक जागा अशी की तिथे संगीत नसतं तर प्रसंगच झाला नसता.

हरिहर बऱ्याच काळाने घरी परततो. त्याला काही माहीत नाही. आणलेल्या वस्तू तो सर्वजयेला एकेक दाखवतो. मग मुलीसाठी, दुर्गेसाठी, आणलेली साडी काढतो. दुर्गा आता नाही. सर्वजया (करुणा बॅनर्जी) ती साडी हातात घेते आणि इतका वेळ धरून ठेवलेला बांध फुटतो. तिचं तोंड उघडतं, ती हंबरडा फोडते, पण हंबरडा ऐकू येत नाही. त्याच्या जागी तारशहनाई चढते, उंच पट्टीत, चिरत जाणारी.

आवाज बंद करून पाहिलं : एक बाई रडते आहे. डोळे मिटून ऐकलं : एक वाद्य वाजतं आहे, पटदीप रागातलं. एकत्र पाहिलं की वाटतं, आईचा खरा आवाज दिग्दर्शक सत्यजित रायांनी आपल्यापासून झाकून घेतला, कारण तो आपल्याला ऐकवण्यासारखा नव्हता. एरवी संगीत रडण्यावर रंग चढवतं. इथे ते रडण्याच्या जागी उभं राहिलं आहे. हा फरक मला या प्रकल्पातला सर्वांत मोठा वाटतो.

आणखी एक आवाज वहीत टिपून ठेवते. अपू आणि दुर्गा यांना पुढे आगगाडी दिसते, पण काशफुलांच्या शेताआधी त्यांना तारेचे खांब भेटतात. दुर्गा खांबाला कान लावते. आतून गुणगुण येते. गावाबाहेरचं जग त्या पोरांना दिसण्याआधी असं ऐकू येतं. गाडीचं दृश्य सगळ्यांच्या लक्षात राहतं, माझ्या लक्षात यापुढे खांब राहील.

गुण : १०. याहून कमी द्यायचं कारण सापडलं नाही.

१९ जून : द बर्ड्स (१९६३), जोडीला सायको (१९६०)

हिचकॉकचे लागोपाठचे दोन सिनेमे, आणि आवाजाच्या दृष्टीने दोन टोकं. सायकोत बर्नार्ड हर्मनने फक्त तंतुवाद्यं वापरली. न्हाणीघरातल्या खुनाला संगीतच नको, असं हिचकॉकचं आधी म्हणणं होतं. हर्मनने तरी लिहिलं, ऐकवलं, आणि हिचकॉकने ते ठेवलं. त्या किंकाळणाऱ्या व्हायोलिनांशिवाय तो प्रसंग आज कल्पनेतही येत नाही.

द बर्ड्समध्ये उलट. नेहमीच्या अर्थाचं पार्श्वसंगीतच नाही. पक्ष्यांचे आवाज ऑस्कर साला आणि रेमी गासमान यांनी ट्राउटोनियम नावाच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर घडवले, आणि हर्मन इथे ध्वनी सल्लागार म्हणून होता. म्हणजे संगीतकाराला बसवून संगीत काढून टाकलं.

शाळेबाहेरचा प्रसंग : नायिका मेलनी बाकावर बसून सिगरेट ओढते आहे. आत मुलं एक गाणं म्हणत आहेत, संपता संपत नाही असं. तिच्या पाठीमागे खेळाच्या सांगाड्यावर एक कावळा येऊन बसतो. मग आणखी. ती वळून पाहते तेव्हा सांगाडा काळा पडलेला असतो. कावळ्यांचा आवाज नाही, इशारा देणारं संगीत नाही. फक्त निरागस मुलांचं गाणं, आणि त्याचं प्रत्येक कडवं म्हणजे आणखी कावळे. गाणं संपू नये असंही वाटतं आणि संपावं असंही.

द बर्ड्स : ९. सायको : ९. दोन टोकं, गुण सारखे. तक्ता चुकलेला नाही, मुद्दाम असं दिलं आहे.

२२ जून

एक नवा, मोठ्या बजेटचा मारधाडपट. नाव लिहीत नाही. पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत ढोल, तुताऱ्या, वाद्यवृंद, समूहगान. नायक चालला तरी गडगडाट, वळला तरी गडगडाट, चहाचा कप ठेवला तरी गडगडाट. एक प्रसंग डोळे मिटून ऐकला. कोण कुठे आहे, खोली आहे की मैदान, काही कळत नाही. सगळंच मोठं असल्यावर काहीच मोठं राहत नाही. नायकाची आई मरते तेव्हा माझ्या कानांत जागाच उरली नव्हती.

गुण : ३. ते तीन गुण जिने उतरतानाच्या एका पाठलागाचे. तिथे काही सेकंद संगीत थांबतं आणि पायऱ्यांवरची पावलं ऐकू येतात. म्हणजे करता येत होतं.

२३ जून : अ क्वाएट प्लेस (२०१८)

आवाज केला की मरण, अशी या सिनेमाची कल्पना. माझ्या प्रकल्पासाठीच काढला असावा! एक कुटुंब अनवाणी चालतं, खुणांच्या भाषेत बोलतं. मुलीचं काम करणारी मिलिसेंट सिमंड्स स्वतः ऐकू न येणारी नटी आहे, आणि तिच्या बाजूने प्रसंग पाहताना आवाज पूर्ण काढून घेतला जातो. ते क्षण अप्रतिम आहेत.

पण इतकी धारदार कल्पना हाती असताना दिग्दर्शकाने शांततेखाली पुन्हा पुन्हा पार्श्वसंगीत पसरलं आहे. पडद्यावरची माणसं श्वास रोखून उभी आहेत आणि मागे व्हायोलिन मला सांगतं आहे, 'घाबर आता'. मी घाबरलेलीच होते. त्या सुरावटीने उलट धीर दिला, कारण सूर वाजतो तिथे सिनेमा आहे हे कळतं. जिथे काहीच वाजत नाही तिथेच खरी भीती होती.

गुण : ६.५

या सिनेमामुळे तक्त्यात एक नवा रकाना घातला : 'आवाजाने काय दाखवलं, जे चित्रात नव्हतं?' एमपुढे खून लिहिला. पथेर पांचालीपुढे गावाबाहेरचं जग. शोलेपुढे गब्बरचा स्वभाव. कुंकूपुढे नीरेचा एकटेपणा. कालच्या मारधाडपटापुढे रेघ ओढली.

२८ जून : द कॉन्व्हर्सेशन (१९७४)

याच्यासाठी चार रात्री राखून ठेवल्या होत्या, आणि सगळ्या सार्थकी लागल्या.

हॅरी कॉल (जीन हॅकमन) पैसे घेऊन लोकांची बोलणी चोरून रेकॉर्ड करतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये, गर्दीत, एक तरुण जोडपं चकरा मारत बोलतं आहे. हॅरीची माणसं वेगवेगळ्या ठिकाणांहून ते टिपतात. गोंगाटात शब्द बुडतात, मध्येच यंत्राची विचित्र खरखर येते. नंतर हॅरी आपल्या कामाच्या जागी बसून निरनिराळ्या टेप जुळवतो, एकीत बुडलेला शब्द दुसरीतून काढतो, नको ते गाळतो. आवाजातून माती उपसत एक वाक्य वर येतं. तरुण म्हणतो, संधी मिळाली तर तो आपल्याला मारून टाकेल.

हा एवढा भाग मी परत परत ऐकला. हॅरी बटण दाबतो, टेप मागे जाते, पुन्हा तेच वाक्य. चित्र दर वेळी त्या चौकात जातं, तेच चेहरे, तोच कोट. आणि ऐकणाऱ्याच्या मनात अर्थ घट्ट होत जातो : ही दोघं संकटात आहेत. हॅरीलाही तसंच वाटतं. पूर्वी त्याच्या कामामुळे माणसं जिवाला मुकली आहेत, ते ओझं घेऊन तो ऐकतो आहे. ऐकणारा काय घेऊन ऐकतो यावर काय ऐकू येतं ते ठरतं. दिग्दर्शक कोपोलाने आख्खा सिनेमा या एका गोष्टीवर तोलला आहे.

शेवटाकडे तेच वाक्य पुन्हा येतं. शब्द तेच, जोर 'आपल्याला'वर. आणि सगळं उलटं होतं. ज्यांचा जीव धोक्यात आहे असं वाटत होतं, तीच दोघं खून करायला निघालेली होती. तो आपल्याला मारेल, तेव्हा आपणच आधी मारू, असा त्याचा सूर. ध्वनीची आणि संकलनाची बाजू वॉल्टर मर्चने सांभाळली आहे. वेगळ्या उच्चाराचं हे वाक्य शेवटी वापरायचं हा निर्णय त्याचाच. एका शब्दावरच्या जोराने आख्खा सिनेमा फिरवायचा, हे धाडस मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

हॉटेलातला प्रसंगही सोडवत नाही. हॅरी शेजारच्या खोलीत बसून भिंतीतून ऐकतो. पलीकडे काहीतरी भयंकर होतं. जगातला सर्वांत चांगला चोरून ऐकणारा माणूस, आणि त्याला आता ऐकायचं नाही. तो टीव्ही मोठ्याने लावतो, पांघरुणात शिरतो.

या सिनेमाला त्या वर्षी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं. डेव्हिड शायरचं पियानोचं संगीत थोडकं आणि एकाकी आहे, हॅरीसारखंच.

गुण : १०. रकान्यात लिहिलं : ऐकणाऱ्याचं मन.

२ जुलै : नो कंट्री फॉर ओल्ड मेन (२००७)

कार्टर बरवेलचं संगीत आहे, पण इतकं थोडं की कानाला लागत नाही. पेट्रोल पंपावरच्या दुकानातला प्रसंग सगळ्यांना नाणेफेकीसाठी माहीत आहे. मी आज फक्त वेष्टनाकडे कान लावला. मारेकरी शिगूर (हाविएर बार्देम) काजू खातो, पाकिटाचा चुरगाळलेला कागद काउंटरवर टाकतो. कागद हळूहळू उलगडतो, चुर, चुर, चुर. म्हातारा दुकानदार त्याच्याकडे पाहतो. काही झालेलं नाही, कोणी शस्त्र काढलेलं नाही. एका कागदाने मानेवर काटा आणला.

हॉटेलच्या खोलीत शिगूरपासून लपलेला लूएलिन अंधारात बसलेला. खाली काउंटरवर फोन केला, तो वाजतच राहतो, कोणी उचलत नाही. म्हणजे उचलणारा आता नाही. मग बाहेर पावलं, दाराच्या फटीत उजेड, पावलं पुढे जातात, बाहेरचा उजेड जातो. मारेकरी दिसतच नाही. ऐकणं हेच इथे लढणं आहे.

गुण : ९.५

५ जुलै : फॅन्ड्री (२०१३) आणि सैराट (२०१६)

नागराज मंजुळेंचे दोन्ही सिनेमे एकामागून एक लावले. घरातले सगळे सोबत बसले, म्हणून हेडफोन नाही.

फॅन्ड्रीत जब्याचं घर डुक्कर पकडायला धावतं आहे. आख्खा गाव बघतो आहे, हसतो आहे, ज्या शालूसाठी जब्याचा जीव टाकणं चाललंय तीही जवळच आहे. डुक्कर हाताशी आलेलं, आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात. डुक्कर निघून जातं. काहीही बोललेलं नाही, कोणी कोणाला टोमणा मारलेला नाही. लाउडस्पीकरवरून येणारं गीत आणि उभं राहिलेलं एक कुटुंब, ज्याला त्या गीतातल्या देशाने काय दिलं हे आपण गेला दीड तास पाहत आलो आहोत. मला घशाशी आवंढा आला. या प्रसंगाबद्दल कितीही लिहिलं तरी कमीच.

सैराटचं संगीत अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केलं. गाणी सुरू झाली की घर नाचतं, आमचंही नाचलं. पण माझ्या मते ते भरगच्च संगीत शेवटासाठीच भरून ठेवलं आहे. पहिल्या भागात कान इतके तृप्त केले जातात, म्हणून शेवटी ते रिकामे केले की सहन होत नाही.

आर्ची आणि परशा घरात पडले आहेत. पोर शेजारणीकडून परत येतं, दारात उभं राहतं, रडतं. आवाज नाही. पाठमोरं जातं, रक्तात उमटलेली पावलं मागे राहतात. आवाज नाही.

आई माझ्या शेजारी बसली होती. तिने हा सिनेमा पाहिलेला नव्हता. रिमोट उचलून म्हणाली, "आवाज गेला का गं?"

मी म्हटलं, "नाही आई, तसंच आहे."

तिने रिमोट ठेवला नाही, हातातच धरून बसली. पथेर पांचालीत आईचं रडणं झाकलं होतं, इथे पोराचं. तिथे त्या जागी वाद्य आलं, इथे काहीच आलं नाही. रायांनी आपल्याला थोडं तरी सावरलं. मंजुळेंना सावरायचंच नाही, आणि या गोष्टीत सावरणं खोटं ठरलं असतं.

फॅन्ड्री : ९.५. सैराट : ९

९ जुलै : कोर्ट (२०१४)

चैतन्य ताम्हाणेंचा सिनेमा. शाहीर नारायण कांबळे (वीरा साथीदार) यांच्यावर खटला : त्यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. म्हणजे खटलाच एका आवाजावर आहे. शाहिराचा आवाज मंचावर खणखणीत, आणि कोर्टात त्याला उत्तरापुरतं तोंड उघडायचं. संभाजी भगतांची गाणी आणि कोर्टातली पुटपुट यांच्यातलं अंतर ऐकत राहावं असं आहे.

सरकारी वकील (गीतांजली कुलकर्णी) कायद्याची कलमं एका सुरात, भराभर वाचून दाखवते. चढ नाही, उतार नाही. त्या वाचण्यात द्वेष नाही, हेच भयंकर. एका माणसाचं आयुष्य त्या सुरात सरकत राहतं. पार्श्वसंगीत असतं तर तिला खलनायिका करावं लागलं असतं. ते नाही म्हणून ती घरी जाऊन स्वयंपाक करणारी साधी बाई राहते.

शेवट : कोर्टाला सुट्टी लागते, दिवे बंद होतात. वाटतं, संपला. पुढे न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात, बाकावर डुलकी घेत. मुलं गुपचूप जवळ येऊन एकदम ओरडतात. न्यायाधीश दचकून जागे होतात आणि हाती लागलेल्या पोराला चपराक देतात. पोर रडत पळतं, न्यायाधीश पुन्हा डोळे मिटतात. मोठ्याने ओरडल्याची शिक्षा. खटल्याचा निकाल सिनेमात येत नाही, पण मला तो इथे ऐकू आला.

गुण : ९.५

१० जुलै : साउंड ऑफ मेटल (२०१९)

ड्रमवादकाची (रिझ अहमद) श्रवणशक्ती जाते. आपण कधी त्याच्या कानांनी ऐकतो, कधी बाहेरून. सर्वांत आवडलेलं : लोखंडी घसरगुंडीवर तो बोटांनी ठेका धरतो आणि एक ऐकू न येणारा मुलगा त्यावर हात ठेवून तो अनुभवतो. ध्वनीसाठीचं ऑस्कर योग्य हातांत गेलं. मधला थोडा भाग रेंगाळतो.

गुण : ८.५

१३ जुलै : द झोन ऑफ इंटरेस्ट (२०२३)

आउश्विट्झचा कमांडंट रुडॉल्फ ह्यॉस, त्याची बायको, मुलं. छान घर, बाग, फुलं, पोहण्याचा हौद. कुंपणाची भिंत, आणि भिंतीपलीकडे छावणी. जोनाथन ग्लेझर छावणीतला छळ एकदाही दाखवत नाही. तो ऐकवतो. लांबून ओरडणं, गोळ्या, कुत्री, आगगाडी, आणि या सगळ्याखाली सतत एक घरघर, भट्ट्यांची.

सिनेमा काळ्या पडद्याने सुरू होतो. नुसतं मायका लेव्हीचं संगीत, चित्र नाही, बराच वेळ. तो वेळ कान तयार करायला दिलेला आहे, असं मी समजते. आता डोळ्यांवर भिस्त ठेवू नका.

बागेचा प्रसंग निवडला. आवाज बंद करून पाहिला : एक स्त्री (झांड्रा ह्यूलर) आईला बाग दाखवते आहे, भाज्या, फुलं, वेली. सुंदर. डोळे मिटून ऐकला, आणि मला हेडफोन काढावे लागले. माझ्या पद्धतीने आतापर्यंत प्रत्येक सिनेमात चित्र आणि आवाज मिळून तिसरं काहीतरी होत होतं. इथे दोन्ही मिळतच नाहीत. दोन सिनेमे एकाच वेळी चालू आहेत, आणि घरातल्या माणसांनी एक ऐकायचं बंद केलं आहे. त्यांना ऐकू येतं. लक्ष जात नाही. पाहुणी आलेली आई मात्र एका रात्री निघून जाते, कारण तिच्या कानांना अजून सवय झालेली नाही.

अर्ध्या तासाने माझंही लक्ष त्या घरघरीवरून उडालं होतं, बायका काय बोलतात तिकडे गेलं होतं. सिनेमा हेच माझ्याकडून करवून घेत होता हे कळलं तेव्हा अंगावर शहारा आला. ध्वनीचं ऑस्कर जॉनी बर्न आणि टार्न विलर्स यांना मिळालं. हे पारितोषिक एरवी स्फोटांना, शर्यतींना, अंतराळयानांना जातं. इथे ते ऐकू येऊनही न ऐकलेल्या आवाजांना मिळालं.

गुण : १०. नव्या रकान्यात काय लिहायचं यावर बराच वेळ बसले. शेवटी 'भिंतीपलीकडचं सगळं' असं लिहिलं.

१४ जुलै

तक्ता पूर्ण भरला. दहा गुणांचे सिनेमे तीन : पथेर पांचाली, द कॉन्व्हर्सेशन, द झोन ऑफ इंटरेस्ट. पहिल्यात संगीत रडण्याच्या जागी येतं, दुसऱ्यात एक वाक्य दोन तऱ्हांनी ऐकू येतं, तिसऱ्यात कान बंद करायला शिकलेली माणसं आहेत. पार्श्वसंगीत असावं की नसावं हा प्रश्न यापुढे गुणांत धरणार नाही. कोर्टला ते नसण्याचा फायदा झाला, सायकोला असण्याचा.

पुढचा टप्पा ऑगस्टमध्ये. यादीत पहिलं नाव रोबेर ब्रेसाँच्या 'अ मॅन एस्केप्ड'चं (१९५६). कैदी कोठडीत बसून चमच्याने दार पोखरतो, आणि पहारेकरी कुठे आहे हे त्याला फक्त आवाजावरून ओळखायचं असतं. दुसरं ऋत्विक घटकांचा 'मेघे ढाका तारा' (१९६०), त्यातल्या चाबकाच्या आवाजासाठी. मेघे ढाका ताराची चांगली प्रिंट मिळाली आहे, आधी तोच लावेन.